माझी नऊ रोपं, तायडेंचं एक

"मॅडम, मी प्राची बोलतेय. पप्पा गेले." मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला हा फोन आला तेव्हा मी बोरिवलीत बँकेच्या रांगेत उभी होते. पुढच्या गृहस्थांचं पासबुक मशिनात अडकलं होतं आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी विचारलं, "कुठे गेले?" ती मुलगी आवाज सावरत म्हणाली, "मॅडम, पप्पा वारले. आज सकाळी, हॉस्पिटलमध्ये." हे लिहितानाही मला लाज वाटते. पण माझी बाजू सांगते. उत्तम तायडे हा माणूस गेली दहा वर्षं सारखा कुठेतरी जातच असायचा. घरी फोन केला की त्यांच्या पत्नी सुमनवहिनी म्हणायच्या, "ते गेले ना," आणि मी म्हणायचे, "परत?" जायचं ठिकाण एकच होतं, जंगलातली एक ओली कपार, आणि तिचं भूत मीच त्यांच्या मानगुटीवर बसवलं होतं. न्यूमोनिया झालाय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी म्हणजे त्यांनीच. मॅडमना कशाला त्रास, म्हणाले असणार.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी एका जागी धड बसलेले नाही. वर्तमानपत्र उघडते, मिटते. चहा टाकते आणि विसरते. सून म्हणते, आई, लिहून काढा म्हणजे बरं वाटेल. बरं वाटावं म्हणून मी लिहीत नाही. एक गोष्ट तायडेंना सांगायची राहिली आहे, आणि आता ती त्यांच्याखेरीज सगळ्यांना सांगायची वेळ आली आहे.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि तायडे त्याच विभागाच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. वडील बुलढाण्याकडून घाटकोपरला आलेले, बारावीनंतर शिक्षण सुटलं, आणि विशीतला हा मुलगा आमच्याकडे काचेच्या बरण्या पुसायला लागला. त्या पुसता पुसता त्याने बरण्यांवरची नावं पाठ केली, मग बरण्यांतल्या वनस्पती ओळखायला लागला, आणि दहाएक वर्षांत अशी वेळ आली की नवे प्राध्यापक गुपचूप त्यांना विचारून वर्गात जायचे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मुलगा अडला की तायडे खोकायचे. एकदा खोकले म्हणजे शेवाळ, दोनदा म्हणजे नेचा. मी डोळे वटारून विचारायचे, "तायडे, सर्दी झालीय का?" "हो ना मॅडम, दरवर्षी परीक्षेलाच होते," असं अगदी साळसूदपणे म्हणायचे. आम्ही सव्वीस वर्षं एका खोलीत काम केलं. ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना तायडे. एकमेकांच्या घरी लग्नाकार्याला गेलो, दुखण्याखुपण्याला धावलो, पण मॅडम आणि तायडे यांच्यातलं अंतर काही कमी झालं नाही. ते कमी करायचं असतं तर मीच करायला हवं होतं.

आता त्या कपारीतल्या नेच्याबद्दल. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात आणि त्यांतून धुळीसारखे बीजाणू झडतात, तेच त्याचं बियाणं. आपण उपनगरवाले राहतो ते साष्टी हे एक बेट आहे, हे निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. खाडीवरचे पूल इतके रोजचे झालेत की वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आपण पाण्याने वेढलेले आहोत, हे ध्यानातच येत नाही. या बेटावरच्या जंगलात एक नेचा वाढायचा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याचा उल्लेख होता, पुढे कोणी पाहिल्याचं आमच्या माहितीत नव्हतं आणि बेटाबाहेरची नोंदही आम्हाला कुठे सापडली नव्हती. त्याचं नाव मी इथे देणार नाही. नाव दिलं की लोक फोटो शोधतात, फोटो मिळाला की जागा शोधतात, आणि जागा मिळाली की कोणीतरी कुंडी घेऊन पोचतं.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. श्रावणातला दिवस. वनखात्याची परवानगी काढून आम्ही दोघं आणि तिसऱ्या वर्षाची चार मुलं पाहणीला गेलो होतो. मुलं पुढे गेली, मी चिखलात रुतलेली चप्पल शोधत होते, आणि तायडे एका काळ्या खडकापाशी थबकले. "मॅडम, जरा इकडे या. ह्याचे ठिपके काठाला नाहीयेत." मी म्हटलं, "असू देत, पुढे चला." "नाही मॅडम, या तुम्ही." मी गेले. वितभर उंचीचा, पातळ पानांचा नेचा, खडकाच्या भेगेत ओळीने उभा. भिंग लावून पाहिलं, तोच होता. मी तायडेंना चक्क मिठी मारली, पुढून वळून बघणाऱ्या मुलांच्या देखत... बिचारे इतके संकोचले की दिवसभर माझ्यापासून चार हात दूर चालत होते.

मोजले, तर नऊ झुबके. नऊ रोपं, असं मी वहीत लिहिलं. आता आमच्या धंद्याचा एक नियम आहे. नवी नोंद करायची तर पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे वाळवलेलं रोप, मुळासकट, कागदावर चिकटवून कपाटात ठेवलेलं. फोटोवर कोणी विश्वास ठेवत नाही, निदान माझ्या पिढीचे लोक ठेवत नव्हते. मी खुरपं मागितलं. तायडेंनी भेगेत बोटं घातली, खालून चाचपडत सरकवली आणि म्हणाले, "मॅडम, खाली दोरीसारखं काहीतरी लागतंय. लांबपर्यंत गेलंय. हे सगळं मिळून एकच असेल." मी घाईत होते. ढग भरून आले होते, मुलं पुढे गेली होती, मला तो नेचा हातात हवा होता. मी म्हटलं, "तायडे, मोजलेत ना आपण? नऊ आहेत. एक घेतलं तर आठ राहतात. गणित आहे साधं." त्यांनी खुरपं दिलं. मी मधला, सगळ्यात मोठा झुबका धरला, आणि मूळ तुटू नये म्हणून जरा ओढला. भेगेतून हातभर लांब आडवं खोड सुटून बाहेर आलं आणि आजूबाजूचे झुबके त्याच्याबरोबर उचलले गेले. आम्ही चिखल दाबून ते परत बसवलं. तायडे गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ दाबत होते. मी म्हटलं, "लागतील. नेचे चिवट असतात."

पुढच्या श्रावणात तिथे नुसता खडक होता. दरम्यान माझा लेख छापून आला होता, त्यात 'नऊ रोपं' असं छापलेलं होतं, लोकांचे अभिनंदनाचे फोन येऊन गेले होते, आणि तायडेंचं नाव शेवटच्या ओळीत आभारात होतं. मी खडकासमोर उभी राहून कारणं शोधायला लागले. पाऊस जास्त झाला, माती वाहून गेली, कोणीतरी चोरलं, माकडांनी ओरबाडलं... तायडे ऐकत होते. एकदा तरी म्हणायचं होतं त्यांनी, मॅडम, मी सांगितलं होतं. म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडण झालं असतं तर एव्हाना मिटलंही असतं. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि मला विचारलं, "ठेचा आहे, चालेल ना?"

आता त्यांनी काय केलं ते सांगते. वनस्पती वाळवताना ती वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवतात आणि ओले कागद रोज बदलतात. ते बदलण्याचं काम तायडेंचं. पहिल्या दिवशीचे कागद काढले तेव्हा त्यांच्यावर पानाची तपकिरी छापच उमटली होती, म्हणजे झडलेले बीजाणू. मी म्हटलं होतं, "फेका ते, बुरशी लागेल." पुढे कीड लागू नये म्हणून त्या रोपाला विषारी द्रावण लावलं गेलं, त्यामुळे कपाटातल्या नमुन्यावर जे काही होतं ते मेलं. पण तायडेंनी कागद फेकले नव्हते. घडी घालून, पाकिटात घालून, घरी पंतनगरला नेले होते, आणि दोन वर्षांनी, मी निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा, त्यांनी विटेवर नेचा लावायला घेतला.

लावायची पद्धत साधी आहे, माणूस मात्र चिकट हवा. वीट उकळून घ्यायची म्हणजे तिच्यातले इतर जीव मरतात, ती पाण्याच्या ताटलीत उभी करायची, वर बीजाणूंची चिमूट भुरभुरायची, आणि काचेची बरणी उपडी घालून वाट बघायची. पाणी उकळून गार केलेलंच. सुमनवहिनींनी मला फोन करून तक्रार केली होती, "मॅडम, तुम्ही तरी सांगा ह्यांना. माझ्या कुकरमध्ये विटा शिजवतायत. काल पाहुण्यांना चणे करायचे होते, तर कुकरमध्ये वीट." मी हसले. तायडेंना फोनवर बोलावलं आणि म्हटलं, "किती शिट्ट्या काढता?" ते गंभीरपणे म्हणाले, "चार, मॅडम."

महिन्याभराने वीट हिरवी झाली, वर्षाने त्यावर इवली पानं आली, आणि तायडेंनी तीन वर्षं ती लेकरासारखी सांभाळली. गावी लग्नाला गेले नाहीत, पाणी कोण घालणार म्हणून. मग एक दिवस त्यांचा फोन आला. "मॅडम, आपलं बाळ मोठं झालं. आत्ता खाली उतरलो, तर त्याची दोनशे भावंडं पाइपाला लटकलीत." मुंबईतल्या झाडून सगळ्या इमारतींच्या सांडपाण्याच्या पाइपामागे जो लांब पानांचा नेचा उगवतो ना, तो होता. त्याचे बीजाणू हवेतून कुठेही जातात, बरणी पुसायला उचलली असेल तेव्हा आत शिरले असणार. लहानपणी हे सगळे नेचे सारखेच दिसतात, मलाही ओळखू आलं नव्हतं. मला हसू आवरेना. "हसा मॅडम, हसा," ते म्हणाले, "मीपण जिन्यात बसून हसलो." नंतर प्राचीने सांगितलं की जिन्यात बसले होते हे खरं, हसत नव्हते.

तो नेचा त्यांनी फेकला नाही, कुंडीत लावला. दुसऱ्या वेळची वीट बुरशीने गेली. तिसऱ्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, कागदावरची उरलीसुरली धूळ झटकून त्यांनी शेवटची पेरणी केली. तोवर तेही निवृत्त झाले होते. आणि या सगळ्या वर्षांत दर श्रावणात, आणि एरवीही अधूनमधून, ते त्या कपारीपाशी जातच होते. आरेच्या बाजूने बसने, मग पायी. मी दोनदा बरोबर गेले, मग माझे गुडघे गेले. खरं सांगायचं तर गुडघे इतकेही वाईट नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेले, ती शेवटची भेट. गॅलरीत बरणीखाली चार इवली रोपं होती, नखाएवढ्या पानांची. तायडे वाळले होते, खोकत होते. मी म्हटलं, "आता परीक्षा नाही तायडे, खोकता कशाला?" ते हसले, आणि मग बरणीकडे बघतच म्हणाले, "मॅडम, एक बोलू का? ते नऊचं एकदा कागदावर नीट करून टाका ना. पुढे कोणी वाचेल, त्याला वाटेल नऊ असली की एक काढलेलं चालतं." मला राग आला. दहा वर्षांनी का, आणि तेही वहिनींसमोर का... मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "बघू." मराठी माणसाला बघू म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. तायडेंनाही लागलं नाही. "हां, बघा सवडीने," म्हणाले आणि मला रिक्षापर्यंत सोडायला आले. निवृत्त बाईला सवडीला काय तोटा होता? नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मी काहीही केलं नाही.

त्यांच्या जलदानविधीला मी गेले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिसरण चाललेलं, फोटोतले तायडे कॉलेजच्या निरोप समारंभातले, शाल घेतलेले. ती शाल मीच घातली होती. भाषणात त्यांना 'आमचे प्रामाणिक सेवक' म्हणालेही होते. हे आठवल्यावर मला त्या फोटोकडे बघवेना. विधी झाल्यावर सुमनवहिनी मला गॅलरीत घेऊन गेल्या. "बिल्डिंग पुनर्विकासाला गेलीय, महिनाअखेर खाली करायचीय. भाड्याच्या घराला गॅलरी नाही. तुम्ही न्याल का हे? मी पाणी घालतेय रोज, पण मला भीती वाटते मॅडम, माझ्या हातून काही झालं तर." मी वीट ताटलीसकट मांडीवर घेऊन घाटकोपरहून बोरिवलीला आले. टॅक्सीवाल्याने आरशातून बघत विचारलं, "क्या है आंटी, मछली है?" मी म्हटलं, "नहीं, झाड है. गड्डे से बचाके चलाओ." त्याने खरोखरच सगळे खड्डे चुकवले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. आमच्या कपाटातला आणखी एक नियम असा की, वाळवलेल्या रोपाच्या कागदावरची जुनी चिठ्ठी कधीही काढत नाहीत, खोडतही नाहीत. कोणाचं वेगळं मत झालं तर शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची, सहीनिशी. चूक आणि दुरुस्ती दोन्ही शेजारी शेजारी राहतात. मी लिहिलं, 'मूळ नोंदीत नऊ रोपं म्हटलं आहे. ते एकाच आडव्या खोडावरचे नऊ झुबके होते, म्हणजे रोप एकच होतं. हे उत्तम तायडे यांनी जागेवरच ओळखलं होतं. त्यांचं न ऐकता मी ते उपटलं.' नवे विभागप्रमुख चांगले आहेत, ते वाचून चाचरत म्हणाले, "मॅडम, शेवटचं वाक्य... असं सहसा लिहीत नाहीत." मी म्हटलं, "ठाऊक आहे," आणि डिंक मागितला. वाटलं होतं की बाहेर पडल्यावर हलकं वाटेल. काही वाटलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. ते त्यांना बघायला मिळायला हवं होतं, बाकी सगळ्याला काही अर्थ नाही.

आणि काल श्रुतीचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी, अंधेरीला एका प्रयोगशाळेत असते. तिला या विटेबद्दल कुठूनतरी कळलं होतं आणि ती हरखून गेली होती. "मॅडम, मला फक्त नखाएवढा तुकडा द्या ना पानाचा. टेस्ट करून आठवड्यात सांगते, तोच आहे की पाइपवाला. तोच निघाला तर विचार करा, केवढी मोठी गोष्ट!" मी म्हटलं, पान नखाएवढंच आहे गं. ती म्हणाली, "चार रोपं आहेत ना मॅडम? एकाचं घेतलं तरी तीन सेफ आहेत."

मी म्हटलं, "नाही. तुकडा मिळणार नाही." "मग कळणार कसं?" "पान मोठं होईल, ठिपके येतील, तेव्हा कळेल." "किती दिवस?" "वर्ष, दीड वर्ष. जास्तही." ती माझं वय मनात मोजत असावी, तेवढं मीही मोजलं. मला अडुसष्ट वर्षं झाली, मला साध्या सिग्नलला थांबवत नाही, आणि हा नेचा आहे की मुंबईचं तण आहे, हे आठवड्यात कळू शकत असताना मी दीड वर्ष थांबायचं कबूल करून बसले आहे. सकाळपासून चारदा भिंग उचललं आणि ठेवलं.

वीट आमच्या न्हाणीघराच्या उत्तरेच्या खिडकीत आहे. काल फोन ठेवल्यावर मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि मला तायडे आठवले, त्या रिकाम्या खडकासमोर दर श्रावणात उभे राहणारे, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. मी समजायचे, प्राचार्यांसमोर उभं राहून राहून जडलेली सवय असेल, शिपायाची. इतकी वर्षं तेच समजत होते. मीही हात मागे बांधून बघितले. दर दोन मिनिटांनी सुटतात, बरणीकडे जातात. मी परत बांधते.